ठिबकचा जोड वारंवार निसटतो किंवा गळतो : सोसायटीच्या बागेसाठी तपासणीचा क्रम

ठाणे आणि नवी मुंबईतील सोसायट्यांचे पोडियम (पार्किंगच्या छतावरची मोकळी जागा), गच्च्या आणि रो-हाउसची अंगणे येथील ठिबक संचांची दुरुस्ती करताना एक तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते : जोड निसटतो, माळी तो पुन्हा बसवतो आणि काही दिवसांनी तोच जोड पुन्हा निसटतो. नवा जॉइनर (दोन नळ्या जोडणारा तुकडा) आणला जातो, त्यावर तार गुंडाळली जाते, सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली जाते आणि तरीही पाणी वाहायचे थांबत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा त्या जोडात नसतो. म्हणून खालील तपासण्या फुकटच्या पाहणीपासून सुरू करून खर्चाच्या आणि अवघड कामाकडे नेल्या आहेत. क्रम मोडून थेट शेवटच्या उपायावर गेल्यास पैसे खर्च होतात आणि मूळ कारण तसेच राहते.

लक्षणे

पाणी नेमके कसे आणि केव्हा बाहेर येते, यावरून निम्मे निदान होते. पाणी सोडल्यावर पहिल्या एकदोन मिनिटांत नळी जोडातून सुटत असेल, तर टोक नीट बसलेले नाही किंवा माप चुकले आहे. आट्यांच्या जोडातून थेंब थेंब गळत असेल, तर वॉशर, टेफ्लॉन (आट्यांवर गुंडाळायची पांढरी पट्टी) किंवा तडा यांपैकी काहीतरी आहे. जोडाच्या अगदी शेजारी नळीतून सुईसारखी बारीक धार उडत असेल, तर नळीच फाटली आहे आणि जोड बदलून काही साधणार नाही. टोपीसारखा रबरी ग्रोमेट जिथे बसवला आहे तिथे पाइपाभोवती ओल दिसत असेल, तर भोक किंवा रबर तपासावे लागेल.

वेळेची लक्षणे याहून महत्त्वाची आहेत. जोड रात्री किंवा पहाटे, म्हणजे बागेला पाणी चालू नसताना निसटत असेल, तर संशय थेट दाबावर घ्यावा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर निसटत असेल, तर ऊन हे कारण असू शकते. गाळणी साफ केल्यानंतरच जोड सुटू लागले असतील, तर साफ करणाऱ्याला दोष देऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. पोडियमखालच्या पार्किंगच्या छताला ओल दिसू लागली असेल, तर मात्र हे सर्व वाचत न बसता आधी बागेचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करावा.

पहिली पाहणी

एक कोरडे फडके, एक जुने वर्तमानपत्र आणि माळ्याशी पाच मिनिटांचे बोलणे, एवढेच येथे लागते. पाणी नळीच्या पाठीवरून घरंगळत जाते आणि सर्वांत खालच्या जागी टपकते, त्यामुळे ओली जागा आणि गळणारी जागा एकच असेलच असे नाही. संशयित जोडाच्या दोन्ही बाजूंची हातभर नळी पुसून कोरडी करावी, खाली कागद अंथरावा, मग पाणी सावकाश सोडावे आणि पहिला थेंब कुठे पडतो ते पाहावे. चढावरच्या जोडाची गळती उतारावरच्या जोडाच्या माथी मारली जाणे हा नेहमीचा प्रकार आहे.

याच वेळी नळीवर दातांच्या खुणा आहेत का तेही पाहावे. उन्हाळ्यात खारी पाण्यासाठी नळी कुरतडतात आणि जमिनीत पुरलेल्या नळ्यांना घुशींचा त्रास होतो. खुणा दिसल्यास तेवढा तुकडा कापून नवा घालावा. खाडीलगतच्या भागात, ऐरोली किंवा वाशीच्या बाजूला, नळी आवळायच्या साध्या लोखंडी जुबली क्लिपा खाऱ्या हवेने गंजून सैल पडलेल्या आढळतात. त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा घ्याव्यात.

नळीचे टोक

१६ मिलिमीटरची काळी लॅटरल, म्हणजे झाडांपर्यंत पाणी नेणारी नळी, दातेरी जॉइनरवर केवळ स्वतःच्या पकडीने बसते. एकदा ताणून सुटलेले टोक आतून मोठे झालेले असते, त्यामुळे तेच टोक पुन्हा दाबून बसवले तर पकड कधीच पहिल्यासारखी येत नाही. वारंवार निसटणाऱ्या जोडांपैकी पुष्कळ जोड केवळ या कारणाने निसटतात. ताणलेले तीन-चार सेंटिमीटर कापून टाकावेत, कापताना धारदार कात्री किंवा पाइप कटर वापरावा आणि काप सरळ काटकोनात घ्यावा. हॅक्सॉने कापल्यास कडेला तुसे राहतात आणि त्यांच्याखालून पाणी वाट काढते. टोक काही क्षण गरम पाण्यात बुडवून जॉइनरच्या मधल्या कड्याला टेकेपर्यंत आत ढकलावे आणि नळी थंड झाल्यावरच पाणी सोडावे.

लायटर किंवा मेणबत्ती वापरू नये. ज्योतीने नळीची एक बाजू पातळ होते आणि जोडाशेजारची ती सुईसारखी धार पुढे तिथूनच सुरू होते. तेल किंवा ग्रीसही लावू नये, कारण बसवताना मदत करणारा निसरडेपणा नंतरही आत राहतो आणि नळी बाहेर सरकण्यास कारण ठरतो. बांधायच्या तारेने आवळणे हा उपाय नसून नळी कापण्याची संथ पद्धत आहे.

माप

नळीचे माप बाहेरच्या व्यासावरून सांगितले जाते, पण दातेरी जोड पकड घेतो तो आतल्या व्यासावर. दोन्ही नळ्यांवर १६ मिलिमीटर छापलेले असले, तरी एकीची भिंत जाड आणि दुसरीची पातळ असेल, तर एका कंपनीचा जॉइनर दुसरीच्या नळीत सैल बसतो. याची परीक्षा सोपी आहे : थंड, कोरड्या नळीत जॉइनर हाताने सहज शेवटपर्यंत गेला, तर तो त्या नळीसाठी नाही. पातळ भिंतीच्या इनलाइन (आतच ड्रिपर बसवलेल्या) नळीसाठी कडे फिरवून आवळायचे लॉकचे जॉइनर मिळतात, तेच घ्यावेत. दुकानात जाताना नळीचा वीतभर तुकडा कापून सोबत न्यावा, तोंडी माप सांगू नये. नवी नळी घेत असाल, तर तिच्यावर लॅटरलसाठीचे आयएस १२७८६ हे मानक छापले आहे का ते पाहावे.

कुंड्यांसाठी ऑनलाइन मागवलेल्या तयार संचांत हा घोळ फार होतो. आपल्याकडे ड्रिपरला (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाला) जोडायची बारीक नळी साधारणपणे आतून ४ आणि बाहेरून ६ मिलिमीटरची मिळते, तर आयात केलेल्या पुष्कळ संचांत ४ आणि ७ मिलिमीटरची असते. दोन्ही दातेरी टोकावर चढतात. मात्र ज्या जोडांत नळी बाहेरून नटाने आवळायची असते, तिथे एकीसाठीचा नट दुसरीवर बसत नाही.

आट्यांचे जोड

नळ, गाळणी, टायमर आणि बॉल व्हॉल्व्ह हे आट्यांनी जोडले जातात. येथे सर्वांत स्वस्त भाग आधी बदलावा, तो म्हणजे रबरी वॉशर. वॉशर असलेल्या जोडात पाणी वॉशरने थांबते, आट्यांनी नाही, म्हणून अशा जोडावर टेफ्लॉन गुंडाळत राहिल्याने काही होत नाही. वॉशर नसलेल्या जोडात टेफ्लॉन लागते आणि ते आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळावे. उलट गुंडाळले तर जोड आवळताना ते सुटत जाते. दहा-बारा वेढे पुरतात. जास्त वेढे घालून पान्याने जोर लावला, की प्लास्टिकच्या आतील आट्यांच्या भागाला उभा तडा जातो. पितळेचा बाहेरील आटा प्लास्टिकच्या आतील आट्यात घट्ट आवळला, की हे हमखास घडते. अशा ठिकाणी आत पितळी आटे बसवलेला जोड घ्यावा. प्लास्टिकच्या जोडाला हाताने घट्ट केल्यावर पान्याने पाव फेरा पुरतो.

ऑनलाइन घेतलेल्या टायमरबाबत एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. आपल्याकडील पाऊण इंची नळाला इंचामागे १४ आटे असतात, तर अमेरिकी बागेच्या नळीच्या आट्यांना साडेअकरा. दोन्ही जोड एकदोन फेरे एकमेकांत जातात, म्हणून जुळल्यासारखे वाटतात आणि मग अडतात. तिथे जोर लावू नये. टायमरच्या वर्णनात बीएसपी (आपल्याकडील नळांच्या आट्यांचे मानक) असे लिहिलेले नसेल, तर योग्य अ‍ॅडॉप्टर मागवावा किंवा टायमर परत करावा.

ग्रोमेट

सबमेनमधून (लॅटरलींना पाणी पुरवणाऱ्या जाड पाइपातून) लॅटरल जिथे निघते तिथे पाइपाला भोक पाडून त्यात रबरी ग्रोमेट आणि त्यात टेकऑफ (लॅटरल जोडायचे टोक) बसवतात. भोकाच्या कडेला तुसे राहिली असतील, भोक लंबगोल झाले असेल किंवा उन्हाने रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या असतील, तर गळती होते. ग्रोमेट स्वस्त असल्याने तो सरळ बदलावा. भोकासाठी त्याच कंपनीने सांगितलेल्या मापाचे ड्रिल वापरावे. भोक मोठे झाले असेल, तर एम-सील लावत बसण्यापेक्षा ती जागा डमी प्लगने बंद करून शेजारी नवे भोक पाडणे बरे. पोडियमवर ड्रिल फक्त पाइपातच जाते आहे ना, हे दोनदा पाहावे.

गाळणी आणि शेवटची टोके

जाळीची किंवा चकत्यांची गाळणी उघडून धुवावी आणि प्रत्येक लॅटरलचे शेवटचे टोक उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्यावे. दसऱ्याच्या आसपास, पावसाळाभर बंद राहिलेला संच पुन्हा सुरू करताना हे टाळूच नये, कारण नळ्यांत माती आणि मुंग्यांची वारुळे साचलेली असतात. बागेला एसटीपीचे (सांडपाणी प्रक्रिया संयंत्राचे) प्रक्रिया केलेले पाणी येत असेल, तर नळीत बुळबुळीत थर धरतो आणि गाळणी अधिक वेळा धुवावी लागते.

जोड निसटण्याशी याचा संबंध असा : नळीतून पाणी वाहताना घर्षणामुळे त्याचा दाब कमी होत जातो आणि वाहणारे पाणी जेवढे कमी, तेवढी ही घटही कमी. ड्रिपर चोंदले, की पाणी कमी वाहते आणि टोकाकडच्या जोडांवर मूळ दाब जवळजवळ पूर्ण येऊन पडतो. याउलट चोंदलेली गाळणी पुढच्या नळ्यांवरचा दाब अडवून धरते. ती धुतली, की अडलेला दाब पुढे जातो आणि आतापर्यंत कसेबसे टिकलेले जोड त्याच दिवशी सुटतात. गाळणी धुतल्यावर जोड सुटणे हा दाब मुळातच जास्त असल्याचा पुरावा आहे. गाळणी न धुणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

ऊन

पॉलिथिलीन तापमानाने बरेच लांबते-आखडते. दर मीटरला दर अंशामागे सुमारे ०.२ मिलिमीटर धरले, तर २० मीटरची लॅटरल पहाटेच्या २५ अंशांवरून भर उन्हात ५५ अंशांवर गेल्यावर सुमारे १२ सेंटिमीटर वाढते आणि रात्री तेवढीच आखडते. दोन्ही टोकांना ताणून बसवलेली नळी हळूहळू जोडातून स्वतःला ओढून काढते; शिवाय तापलेली नळी मऊ होऊन पकड सोडते. नळी नागमोडी, सैल अंथरावी, वर पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे आणि पाणी सकाळी लवकर सोडावे. खर्च शून्य, फरक मोठा.

दाब

एवढे सर्व करूनही एकाच जागचा जोड दुसऱ्यांदा निसटला, तर तो पुन्हा ठोकून बसवू नये. आता दाबमापक आणावा. काहीशे रुपयांत मिळणारा, ० ते १० किलो मापाचा प्रेशर गेज आणि त्यासाठी एक टी (तीन तोंडांचा जोड) एवढी सामग्री गाळणीनंतर लागते. (येथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलोग्रॅम.) बहुतेक घरगुती ठिबक संचांना १ किलोच्या आसपासचा दाब पुरतो आणि साध्या दातेरी जोडांकडून २ किलोंच्या वर फारशी अपेक्षा ठेवू नये.

आपल्या इमारतींत मात्र दाब उंचीवरून ठरतो. टाकीच्या पाण्याची पातळी आणि बाग यांच्यातील दर १० मीटर उंचीमागे जवळपास १ किलो दाब येतो. वाशी किंवा नेरूळमधील सिडकोच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर टाकी बागेपेक्षा जेमतेम ३ मीटर उंच असते, म्हणजे ०.३ किलो. तेथे जोड दाबाने निसटूच शकत नाही, तेथे कारण मापाचे किंवा टोकाचे असते. सात मजली इमारतीच्या अंगणात हाच दाब २ किलोंच्या पुढे जातो. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतीत टाकी पोडियमपासून ६० मीटर वर असेल, तर बंद नळावर ६ किलो दाब उभा असतो. सदनिकांच्या लाइनींवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. बागेचा नळ मात्र कधी कधी त्या व्हॉल्व्हच्या आधीच काढलेला असतो आणि हे सोसायटीत कोणाला ठाऊक नसते.

मोजमाप तीनदा घ्यावे. पहिले, बागेचे सर्व व्हॉल्व्ह बंद आणि मुख्य नळ उघडा असताना. यासाठी गेज विभागांच्या व्हॉल्व्हच्या आधी हवा. दुसरे, नेहमीप्रमाणे पाणी चालू असताना. तिसरे, पाणी बंद होण्याच्या क्षणी काटा किती उडतो ते. पहिला आकडा सर्वांत महत्त्वाचा, कारण पाणी स्थिर असताना घर्षणाची घट नसते. नळी बारीक असो वा जाड, उंचीचा पूर्ण दाब जोडावर येतो. टायमर बागेच्या टोकाला आणि मुख्य नळ कायम उघडा अशी मांडणी असेल, तर नळापासून टायमरपर्यंतचे जोड रात्रभर हा दाब सोसतात. रात्री निसटणाऱ्या जोडांचे कारण बहुधा हेच असते. टायमर मुख्य नळाजवळ आणला, तरी पुष्कळ ठिकाणी त्रास थांबतो.

दाब कमी करण्यासाठी बॉल व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. पाणी वाहत असताना दुसरा आकडा त्यामुळे उतरतो, पहिला मात्र तसाच राहतो. म्हणून काही आठवडे सर्व ठीक वाटते आणि ड्रिपर चोंदू लागताच जोड पुन्हा सुटतात. आधीच दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर पाणी बंद असताना गेज दहा-पंधरा मिनिटे पाहावा. काटा सावकाश वर चढत गेला, तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकला आहे किंवा ती झिजली आहे.

तिसऱ्या मापात काटा जोराने उडत असेल, तर वाहते पाणी एकदम अडल्याचा तो धक्का आहे. हाताचा व्हॉल्व्ह सावकाश फिरवावा. विजेचा व्हॉल्व्ह असेल, तर हळू बंद होणारा निवडावा. याच्या उलट अडचण गच्चीवर येते. पुष्कळ सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या) व्हॉल्व्हना उघडबंद होण्यासाठी किमान दाब लागतो, तो टाकीच्या थोड्या उंचीतून मिळत नाही, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि रात्रभर टपकत राहतो. लोक त्याला जोडाची गळती समजतात. तेथे मोटरने फिरणाऱ्या बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा.

कुठे थांबावे

बंद स्थितीतील दाब २.५ किलोंच्या वर आढळला, तर पुढचे काम परवानाधारक प्लंबरचे आहे. ६ किलोंवरून १ किलोवर एकाच व्हॉल्व्हने उडी मारल्यास तो आवाज करतो आणि लवकर झिजतो. असा दाब दोन टप्प्यांत उतरवावा किंवा पोडियमवर मध्ये छोटी टाकी ठेवावी, आणि हा निर्णय इमारतीच्या नळयोजनेचा आराखडा पाहूनच व्हावा. टाकीतून खाली येणारी मुख्य लाइन स्वतः कापू नये, कारण तिचा व्हॉल्व्ह चुकला तर अख्ख्या विंगचे पाणी जाते. यूपीव्हीसी आणि सीपीव्हीसी या प्लास्टिक पाइपांचे जोड चिकटवायचे सॉल्व्हंट वेगवेगळे असतात आणि चिकटवलेला जोड डब्यावर लिहिलेली वेळ पाळूनच दाबाखाली आणायचा असतो. पावसाळी दमट हवेत त्याहून अधिक थांबावे लागते.

पार्किंगच्या छताला ओल असेल, तर पोडियमच्या मातीत खणू नये आणि नळी धरून ठेवण्याचे हुक ठोकू नयेत, कारण खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फाटला तर त्याचा खर्च संपूर्ण ठिबक संचाच्या कित्येक पट असतो. पंपाचे पॅनेल किंवा टायमरचा ट्रान्सफॉर्मर ओला झाला असेल, तर मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवावे. व्हॉल्व्हची तार २४ व्होल्टची असली, तरी पेटीत येणारी वीज २३० व्होल्टचीच असते. खत सोडण्याची व्हेंचुरी पिण्याच्या पाण्याच्या लाइनीला एकदिशा व्हॉल्व्हशिवाय जोडलेली आढळली, तर त्याच क्षणी ती सोडवावी आणि समितीला लेखी कळवावे. दाब उलटला तर खताचे पाणी घरांत जाऊ शकते.

प्लंबरला बोलावताना तिन्ही आकडे, ते मोजल्याची वेळ आणि गेज कुठे लावला होता हे कागदावर लिहून द्यावे. काम झाल्यावर पैसे देण्यापूर्वी बंद स्थितीतील दाब पुन्हा मोजावा, तोही संध्याकाळी एकदा आणि पहाटे, पाण्याचा वापर सुरू होण्याआधी एकदा. पहाटेचा काटा संध्याकाळच्याच जागी असेल, तरच निसटणाऱ्या जोडांची टोके कापून ते नव्याने बसवावेत.